गळ्यातला बिल्ला, हातातलं कार्ड

पुण्यात माझा प्राण्यांचा दवाखाना आहे. नवं पिल्लू घेऊन आलेली मंडळी खाण्याचं विचारतात, अंघोळीचं विचारतात, रात्रभर रडतं त्याचं काय करायचं ते विचारतात. महापालिकेच्या परवान्याचा विषय मात्र मलाच काढावा लागतो, आणि त्यावर बहुतेक वेळा मलाच प्रश्न येतो, “डॉक्टर, कुत्र्यालापण परवाना लागतो?”

लागतो. आणि ही काही कालपरवा निघालेली टूम नाही. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कुत्र्यांच्या परवान्याचं कलम आहे. बाकीच्या शहरांना लागू असलेल्या १९४९ च्या महापालिका अधिनियमातही कुत्र्यांवर कर बसवण्याचा अधिकार दिलेला आहे. पुणे महापालिकेनं तर २०२२ मध्ये मांजरांच्या नोंदणीचंही पाऊल उचललं. नियम आहेत, अर्ज आहेत, ऑनलाइन सोयही झाली आहे. नाही ती फक्त सवय.

परवाना म्हणजे कुत्रं पाळल्याचा भुर्दंड, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. अर्जाला काय काय जोडावं लागतं ते पाहिलं की ती समजूत टिकत नाही. मालकाच्या पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि रेबीजची लस दिल्याचं प्रमाणपत्र. यातला शेवटचा कागद हाच सगळ्या खटाटोपाचा गाभा. लस नाही तर परवाना नाही. आणि परवान्याचं नूतनीकरण करायचं तर लस चालू वर्षाची हवी. शहरात कुठल्या घरात कुत्रं आहे, ते कुणाचं आहे आणि त्याला रेबीजपासून संरक्षण आहे का, एवढंच महापालिकेला कळायला हवं असतं. शेजाऱ्यालाही तेवढंच हवं असतं, तो बोलून दाखवत नसला तरी.

रेबीजबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळे नियम शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबतात. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून विषाणू जखमेत उतरतो आणि तिथून नसांच्या वाटेनं मेंदूकडे सरकू लागतो. ही वाटचाल संथ असते. माणसात लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभरात दिसतात, कधी वर्षही जातं. चावा बसल्यावर लस घेऊन जीव वाचवता येतो तो या उसंतीमुळेच. विषाणू मेंदूत पोहोचून लक्षणं सुरू झाली, घोटभर पाणी समोर आणलं तरी घशात पेटके येऊ लागले, की मग औषध नाही. हाताच्या बोटांवर मोजता येतील असे अपवाद सोडले तर त्या अवस्थेतून जगात कुणी परतलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं दगावतात आणि त्यातली एक तृतीयांशाहून अधिक भारतातली असतात. दहातले चार बळी पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. मुलं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीची असतात. चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो आणि तिथून मेंदू जवळ. शिवाय छोटा ओरखडा उठला तर आई रागावेल म्हणून मूल घरी सांगतच नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळपास ९९ टक्के कुत्र्यांकडून येतो, म्हणजे कुत्र्यांना लस टोचली की माणसं वाचतात.

माझ्या आईच्या पिढीला ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ एवढं म्हटलं तरी शहारा यायचा. ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ च्या सुमारास तयार केली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनायची, दुखायची आणि क्वचित तिचेच दुष्परिणाम व्हायचे. आपल्या देशात २००४ च्या अखेरीपर्यंत ती वापरात होती. आता दंडात चार-पाच वेळा इंजेक्शन घ्यायचं, सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन टोचून घ्यावं लागतं. पण या सगळ्याच्या आधीचं औषध प्रत्येक मोरीत असतं. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पुरती पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट यांतलं काहीही लावायचं नाही.

आता कागदांकडे येते. कागदानं रेबीज जातो का? जातो, आणि याचे पुरावे आहेत. ब्रिटननं १९०२ साली देशातला रेबीज संपवला, तेव्हा कुत्र्यांना द्यायची आजच्यासारखी लस नव्हतीच. परवाना, तोंडाला मुसकं आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना विलगीकरण, एवढ्या बळावर त्यांनी हे केलं. मुसक्याचा हुकूम तिथल्या श्वानप्रेमींना अजिबात आवडला नव्हता, तरी सरकार मागे हटलं नाही. जपाननं १९५० मध्ये रेबीज प्रतिबंधक कायदा केला. प्रत्येक कुत्र्याची नोंदणी, दरवर्षी लस आणि बेवारस कुत्र्यांचा बंदोबस्त. १९५७ नंतर जपानमधल्या कुठल्याही प्राण्याला तिथल्या तिथे रेबीज झालेला नाही. महायुद्धात होरपळलेल्या देशानं सात वर्षांत हे करून दाखवलं. तिथे आजही कुत्र्याच्या गळ्यात नोंदणीचा आणि लसीचा बिल्ला असतो आणि वसंत ऋतू आला की लसीकरणाची लगबग सुरू होते.

इतक्या लांब जायला नको असेल तर गोवा पाहा. तिथे २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार मिळून घरोघरी, वाडीवाडीवर कुत्र्यांना लस देत आहेत. पाळलेली आणि मोकाट, दोन्ही. सुमारे ७० टक्के कुत्री लसवंत झाली की विषाणूला पुढे सरकायला जागा राहत नाही, हे शास्त्र. गोव्यानं ते गाठलं आणि कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदलं आहे. जाळी घेऊन भल्या पहाटे निघणारी माणसं, लस टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण आणि मोबाइलवर प्रत्येक डोसची नोंद. त्या नोंदीमुळेच कुठली वाडी राहिली आहे ते कळायचं. मोजलं म्हणून साधलं.

मारून टाकण्याचा मार्गही आपल्या मातीत होऊन गेला आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. बक्षिसाच्या लोभानं पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाजाला कुत्रा पवित्र. ६ जून १८३२ ला शहरात दंगल उसळली आणि व्यवहार ठप्प झाले. कुत्री मारल्यानं रेबीज आटोक्यात येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. रिकाम्या झालेल्या जागी दुसरी, बिनलशीची कुत्री येतात. म्हणूनच आधी २००१ मध्ये आणि मग २०२३ मध्ये सुधारून केंद्रानं प्राणी जन्मनियंत्रण नियम आणले. कुत्र्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि होतं तिथेच सोडायचं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात यावर बरंच मंथन झालं. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हटवून पुन्हा तिथे न सोडण्याचे आदेश नोव्हेंबरमध्ये निघाले. त्यावर घराघरांत वाद झाले, अजूनही होतात.

त्या वादात एक गोष्ट बाजूलाच पडते. त्याच २०२३ च्या नियमांत पाळीव प्राण्यांबद्दलही लिहिलं आहे. त्यांची जंताची औषधं, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल तावातावानं बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना मी विचारते, तुमच्या घरच्या कुत्र्याचं कार्ड कुठे आहे? बदली झाली म्हणून, बाळ झालं म्हणून, वास येतो म्हणून टेकडीच्या पायथ्याशी सोडून दिलेली लॅब्रेडॉर आणि पॉमेरेनियन मी तपासलेली आहेत. नोंदणी पक्की असती तर त्यांचा मालक शोधता आला असता.

कार्डाचं सांगते. लसीची प्रत्येक बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते; गोठली तरी वाया, तापली तरी वाया. टोचण्याआधी मी बाटली मालकाच्या हातात देते आणि तिच्यावरची मुदत वाचायला लावते. टोचून झालं की बाटलीवरचा स्टिकर सोलून कार्डावर चिकटवते. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत असं सगळं असतं. शेजारी तारीख, माझी सही, नोंदणी क्रमांकाचा शिक्का आणि पुढच्या डोसची तारीख. हे कार्ड खरं. पिल्लू विकणाऱ्यानं दिलेली गुळगुळीत कार्डंही माझ्याकडे येतात, त्यांवर ‘सर्व लसी झाल्या’ असं पेनानं लिहिलेलं असतं. स्टिकर नाही, सही कुणाची ते कळत नाही. अशा पिल्लाला लसी झाल्याच नाहीत असं धरून मी पहिल्यापासून सुरुवात करते. पैसे पुन्हा जातात म्हणून लोक नाराज होतात, पण माझा यावर इलाज नाही.

कधी कुणी गळ घालतं, “मॅडम, मागची तारीख टाकून द्या ना, परवान्यापुरतं.” मी देत नाही, ओळखीच्यांनाही नाही. त्या खोट्या तारखेवर विश्वास ठेवून उद्या एखाद्या मुलाचे उपचार लांबले तर?

वेळापत्रक अवघड नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची पहिली एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, नंतर बूस्टर आणि मग दरवर्षी. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मुतातून माणसाला.

एका संध्याकाळी एक बाई आपल्या मुलाला घेऊन थेट माझ्याकडेच आल्या. सोसायटीतल्या लॅब्रेडॉरनं जिन्यात त्याच्या पोटरीला दात लावले होते. कुत्र्याचे मालक असलेले काका मागोमाग धापा टाकत आले, हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं कार्ड. मुलाची जखम आधी नळाखाली धरायला लावली. साबणाचा फेस पोटरीवरून ओघळत होता आणि ती माऊली एकच विचारत होती, “याला काही होणार नाही ना?” मी कार्ड उघडून तिच्यासमोर धरलं. चार महिन्यांपूर्वीचा स्टिकर, त्याच्या आधीच्या वर्षीचा, त्याच्याही आधीचा. तिचा जीव भांड्यात पडला. तरीही मुलाला रुग्णालयात पाठवलंच आणि लस सुरू झालीच, कारण लसीकरण झालेल्या कुत्र्याचा चावाही डॉक्टरांनीच पाहायचा असतो. कुत्र्याला दहा दिवस घरात बांधून नजरेखाली ठेवलं. दहाच का, तर कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या फार तर काही दिवस आधी. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. अकराव्या दिवशी काकांनी कुत्र्याला घेऊन त्या बाईंच्या दारात उभं राहून ते ठणठणीत असल्याची वर्दी दिली. दोन्ही घरांत आज बोलणं आहे. कार्ड नसतं तर सोसायटीच्या सभेत भांडण आणि पोलीस चौकीत तक्रार, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तक्रार झाली तर कायदा मऊ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट बाजूही कायद्यानं सांभाळली आहे. कुत्रं पाळायला बंदी घालण्याचा, लिफ्ट नाकारण्याचा किंवा त्यासाठी जादा पैसे घेण्याचा अधिकार सोसायटीला नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही, असं पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. बाहेर नेताना पट्टा लावा, शी उचला, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, हेही मालकांना त्याच सूचना सांगतात. यातलं सोयीचं पान तेवढं सोसायटीच्या फळ्यावर लावायचं, असं दोन्ही बाजूंकडून होतं आणि ते मला खटकतं.

पट्ट्याबद्दल पुण्यातल्या टेकड्यांवर रोज वाद होतात. “आमचा काही करत नाही हो,” हे वाक्य तळजाईवर सकाळी फिरणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. तुमचा काही करत नसेल, पण समोरून येणाऱ्या आजोबांना ते कसं कळणार? ते दचकून पडले तर खुब्याचं हाड मोडतं. तिथे मोर आहेत, जमिनीवर अंडी घालणारे इतर पक्षी आहेत. मोकळं सुटलेलं कुत्रं त्यांच्यामागे धावणारच, तो त्याचा स्वभाव आहे. म्हणून पट्टा लावायचा, आणि तो हातात धरायचा.

कुत्र्याला मनसोक्त धावायला जागा हवी, हे मात्र शंभर टक्के खरं. बहुतेक सार्वजनिक उद्यानांच्या फाटकावर कुत्र्यांना मनाईची पाटी असते. पर्याय न देता नुसती मनाई करणं मला मान्य नाही. हैदराबादच्या महापालिकेनं २०१८ मध्ये कोंडापूरला फक्त कुत्र्यांसाठी पार्क उभारलं. आपल्या शहरांतही अशा जागांची मागणी वाढते आहे आणि ती रास्त आहे. पण अशा पार्कचे नियम कडक का असतात हे समजून घ्या. फाटकं एकापाठोपाठ दोन असतात, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे कुणी रस्त्यावर पळत नाही. लहान आणि मोठ्या कुत्र्यांना वेगळे कप्पे, कारण डॉबरमनच्या खेळात पगचा पाय मोडू शकतो. माजावर आलेली मादी आणायची नाही. खाऊ आणि चेंडू मध्ये आणायचे नाहीत, मारामाऱ्या त्यांच्यावरूनच होतात. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला प्रवेश नाही, आणि हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, फिनाईलनंही मरत नाही. अशा मातीत लोळलेलं तीन महिन्यांचं पिल्लू चार-पाच दिवसांत रक्ताचे जुलाब घेऊन माझ्या टेबलावर येतं. सलाईन लावूनही सगळी वाचत नाहीत. शी उचलायची ती केवळ वासासाठी नाही. तिच्यातून हुकवर्मची अंडी मातीत पडतात आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायांत त्या जंताच्या अळ्या शिरतात. खिशात दोन पिशव्या ठेवणं एवढाच त्यावरचा उपाय.

कागद नीट ठेवण्याचं आणखी एक कारण अलीकडे वरचेवर समोर येतं. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरी लागलेली तरुण जोडपी कुत्र्याला सोबत न्यायचं म्हणून येतात, तेव्हा हातात महिना उरलेला असतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला आधी मायक्रोचिप बसवलेली हवी, मग रेबीजची लस, मग किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचं. चिप नंतर आणि लस आधी असा क्रम झाला तर ती लस धरतच नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप, पंधरा आकडी क्रमांकाची. कातडीखाली टोचायला क्षणभर लागतो. परदेशी जायचं नसलं तरी बसवून घ्या. पट्टा तुटतो, बिल्ला पडतो, चिप जागेवर राहते.

महापालिकांकडेही माझं मागणं आहे. परवान्याची खिडकी क्षेत्रीय कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा वर्षातून एकदा प्रभागात शिबिर घ्या, लस आणि परवाना एकाच टेबलावर द्या. नसबंदी केलेल्या कुत्र्याला शुल्कात मोठी सवलत द्या; न्यूयॉर्क शहरात नसबंदी केलेल्या कुत्र्याचं शुल्क साडेआठ डॉलर आहे आणि न केलेल्याचं ३४. आणि परवान्याच्या शुल्कातून कुत्र्यांसाठी किमान एक मोकळी, कुंपणाची जागा प्रत्येक शहरात होऊ द्या. नियम पाळून काही मिळतं हे दिसलं तर लोक आपण होऊन येतील, असा माझा दवाखान्यातला अनुभव आहे.

रेबीजमुक्तीसाठी देशानं २०३० हे वर्ष ठरवलं आहे, म्हणजे वेळ फार नाही. तुमच्या घरी कुत्रं असेल तर आज रात्रीच त्याचं कार्ड काढा आणि रेबीजच्या शेवटच्या स्टिकरची तारीख बघा. वर्ष उलटून गेलं असेल तर उद्या डॉक्टरांकडे जा आणि परवा परवान्याचा अर्ज भरा.